फत्तेसिंहराव गायकवाड : तनख्याचे महाराज, मतांचे खासदार

१९५७ च्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत बडोदे मतदारसंघातून लोकसभेसाठी काँग्रेसने जो उमेदवार उभा केला, त्याची सत्तावीस वर्षेही तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. फत्तेसिंहराव प्रतापसिंहराव गायकवाड हे त्यांचे नाव. ते कोठे राहतात हे बडोद्यात कोणाला सांगावे लागत नव्हते. लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरा शहराच्या निम्म्या भागातून दिसत असे. उमेदवारी अर्जात नाव, वय, मतदारयादीतील क्रमांक आणि सूचकाची सही एवढेच भरायचे होते. मालमत्ता किती, कर्ज किती, सरकारला कर किती भरला, असा एकही रकाना त्या अर्जात नव्हता. देशातील सर्वांत श्रीमंत उमेदवारांपैकी एकाचा अर्ज त्यामुळे एखाद्या शाळामास्तरांच्या अर्जाइतकाच आटोपशीर होता.

आजच्या वाचकाला याचे नवल वाटेल. निवडणूक आली की उमेदवारांची शपथपत्रे संगणकावर उघडून कोणाकडे किती सोने, किती जमीन, किती गाड्या हे पाहण्याची आता गोव्यातही सर्वांना सवय झाली आहे. ही सोय मात्र फार जुनी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निवाडा दिला, संसदेने त्याला वळसा घालणारा कायदा केला, तो कायदा २००३ साली पुन्हा न्यायालयात पडला आणि मगच मालमत्तेचे शपथपत्र सक्तीचे झाले. मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न नमूद करण्याची अट तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. १९५७ साली परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. तेव्हा लागू असलेल्या १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याचे ५४ वे कलम करदात्याचे विवरणपत्र गोपनीय मानत असे आणि त्यातील मजकूर बाहेर फोडणाऱ्या सरकारी नोकराला तुरुंगाची शिक्षा सांगत असे. मतदाराने विचारले असते, तरी खात्यातील कारकुनाला उत्तर देण्याची मुभा नव्हती.

तरीही बडोदेकर या बाबतीत अगदीच अंधारात नव्हते. राजवाड्याचा हिशेब मागणे ही गोष्ट या शहराला नवी नव्हती. फत्तेसिंहरावांच्या वडिलांचे राज्य ज्या वादळात संपले, त्याच्या मुळाशी हाच हिशेब होता, आणि ते वादळ उठले तेव्हा आजचे हे उमेदवार अठरा वर्षांचे युवराज होते.

ती कथा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गायकवाडांच्या राज्यात राज्याचा खजिना आणि राजाची थैली यांत फार काळ भिंत नव्हती. खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा विणवला, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या, आणि हे पैसे रयतेच्या साऱ्यातून आले की महाराजांच्या खासगीतून, हा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नव्हती. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून आणलेला गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक होऊन गादीवर बसला. तेच सयाजीराव महाराज. दिवाण टी. माधवरावांनी त्यांच्या अज्ञानकाळात राज्याचा जमाखर्च रुळावर आणला आणि १८८१ साली अधिकार हाती आल्यावर सयाजीरावांनी तो रुळावरून घसरू दिला नाही. राजघराण्याच्या खर्चासाठी खानगी खाते वेगळे राहिले आणि राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल छापून निघू लागले. रमेशचंद्र दत्त १९०४ साली महसूलमंत्री म्हणून आले, तेव्हा जातवार आणि धंदेवार वसूल होणारे जुने वेरे काढून त्यांच्या जागी उत्पन्नावरचा एकसारखा कर आणण्याचे काम त्यांनी केले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, वाचनालये आणि १९०८ सालची बँक ऑफ बडोदा यांविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. येथे एवढेच लक्षात घ्यायचे की सयाजीरावांनी प्रजेला हिशेब वाचायला शिकवले. आपल्याच वारसाला त्याची किंमत मोजावी लागेल, असे त्यांच्या मनात तेव्हा आले असेल असे वाटत नाही.

सयाजीरावांचे थोरले चिरंजीव युवराज फत्तेसिंहराव १९०८ सालीच वारले होते. त्यामुळे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे निधन झाल्यावर नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. प्रतापसिंहराव आणि महाराणी शांतादेवी यांचे थोरले पुत्र म्हणजे आपले चरित्रनायक. त्यांचा जन्म २ एप्रिल १९३० चा, आणि नाव आजोबांचे.

प्रतापसिंहरावांना केवळ उधळे म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले ते त्यांच्याच काळात. परंतु शर्यतीच्या घोड्यांवर, परदेशप्रवासावर आणि जडजवाहिरावर त्यांचा हात फार सैल होता. १९४३ च्या अखेरीस पिठापुरमच्या घराण्यातील सीतादेवींशी त्यांनी दुसरा विवाह केला. बहुपत्नीत्वाला ज्या राज्याच्या कायद्याने बंदी होती त्याच राज्याच्या महाराजांनी हे केले, याची चर्चा रयतेत बरीच झाली. सामान्य माणसाला लागू असलेला कायदा राजवाड्याच्या फाटकाशी थांबतो, हा पहिला धडा शहराने तेथे घेतला. दुसरा धडा पैशाचा होता. खानगीची रक्कम वाढत गेली आणि ती पुरेना तेव्हा राज्याच्या राखीव निधीतून महाराजांच्या नावे बिनव्याजी कर्जे पडू लागली.

१९४८ साल उजाडले तेव्हा भोवतालचा देश बदललेला होता. काठियावाडातील संस्थाने एकत्र येऊन सौराष्ट्र झाले होते आणि बडोद्यात लोकनियुक्त कारभाराची मागणी जोरात होती. डॉ. जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ आले. महाराज परदेशी असताना धारासभेने त्यांच्याविरुद्ध ठराव केला. खजिन्यातील पैशांच्या गैरवापराचा आरोप त्यात होता आणि महाराजांनी पायउतार होऊन गादी युवराजांकडे द्यावी, अशी मागणी होती. हिशेबतपासणी झाली तेव्हा बिनव्याजी कर्जांचे आकडे कागदावर आले. देशाबाहेर गेलेल्या जवाहिराच्या याद्या झाल्या. सात पदरी मोत्यांचा हार, दक्षिणेचा तारा म्हणून जगभर गाजलेला हिरा, खंडेरावांचा मोत्यांचा गालिचा ही नावे बडोद्याच्या चौकाचौकांत ऐकू येऊ लागली. (त्या गालिच्याचा प्रवास पुढे फार लांबला. २००९ साली दोह्यात झालेल्या लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरांना विकला गेला.)

राजाचा खर्च हा प्रजेने विचारण्याचा विषय आहे, ही कल्पना हिंदुस्थानच्या फार थोड्या संस्थानांत इतक्या स्पष्टपणे सभागृहाच्या ठरावात उतरली असेल. दिल्लीहून सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी प्रकरण हाती घेतले आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. प्रतापसिंहरावांना तनखा ठरला तो वार्षिक २६ लाख ५० हजार रुपयांचा. परंतु विलीनीकरण त्यांना मनापासून मान्य झाले नाही. संस्थानिकांची संघटना उभी करून त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा १९५१ साली राष्ट्रपतींनी त्यांची मान्यता काढून घेतली. कागदावरचे कारण हे राजकीय होते. खजिन्याचे प्रकरण त्यापूर्वीच त्यांची पत संपवून बसले होते. १९६८ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

गादीवर आता एकवीस वर्षांचे फत्तेसिंहराव आले. राज्य नव्हते, सैन्य नव्हते, न्यायनिवाड्याचा अधिकार नव्हता. शिल्लक होते ते नाव, राजवाडा, विद्यापीठाचे कुलपतिपद, जोधपूरच्या राजघराण्यातून नुकत्याच सून म्हणून आलेल्या पद्मावतीदेवी, धाकटी भावंडे, आणि वडिलांनी मागे ठेवलेली कटुता. राजमाता शांतादेवी बडोद्यातच राहिल्या. बाप परदेशात आणि आई राजवाड्यात, अशा घरात या तरुणाने जी सभ्य अलिप्तता अंगी बाणवली, ती त्यांच्या पुढच्या सगळ्या सार्वजनिक वावरात दिसते. वडिलांच्या कारभारावर त्यांनी जाहीर टीका केली नाही आणि त्याचे समर्थनही केले नाही.

तनखा म्हणजे नेमके काय, हे आता तिशी-चाळिशीत असलेल्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. विलीन झालेल्या संस्थानाच्या सरासरी वार्षिक उत्पन्नावर त्याचे गणित होते. पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १० टक्के, त्यापुढील रकमेवर साडेसात टक्के आणि कमाल मर्यादा १० लाख. बडोदे, हैदराबाद, म्हैसूर, ग्वाल्हेर, जयपूर अशा अकरा मोठ्या संस्थानांना ती मर्यादा त्या वेळच्या राजापुरती ओलांडून देण्यात आली. ही रक्कम देण्याची हमी राज्यघटनेच्या २९१ व्या कलमाने घेतली होती. ती भारताच्या संचित निधीवर बोजा होती, म्हणजे संसदेत तिच्यावर मतदान होत नसे. आणि त्याच कलमानुसार ती उत्पन्नावरील सर्व करांपासून मुक्त होती. संस्थानिकांची इतर मिळकत, म्हणजे भाडे, लाभांश, व्याज, यांवर इतरांसारखाच कर होता, हेही सांगितले पाहिजे. पण निवडणुकीच्या मैदानात उतरणाऱ्या संस्थानिकाची स्थिती यामुळे विलक्षण होई. ज्या सरकारी तिजोरीवर देखरेख ठेवण्यासाठी तो मते मागत असे, त्याच तिजोरीतून त्याला दरसाल घटनेच्या हमीने रक्कम मिळे, आणि त्या रकमेवर तो एक पैही कर देणे लागत नसे.

खर्चाची मर्यादा तेव्हाही होती. लोकसभेच्या उमेदवाराला बहुतेक राज्यांत २५ हजार रुपयांच्या वर खर्च करता येत नसे आणि त्याचा हिशेब निवडणुकीनंतर द्यावा लागे. मात्र उमेदवाराने काय खर्च केले हे विचारणारा कायदा त्याच्याकडे आहे किती, हे विचारत नव्हता.

फत्तेसिंहराव निवडून आले. महागुजरात आंदोलनाने काँग्रेसविरुद्ध वातावरण तापलेले असताना, अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिकांसारखा विरोधक विजयी होत असताना त्यांनी बडोदे राखले. सयाजीरावांची पुण्याई त्यांच्या पाठीशी होती हे उघड आहे. सत्ताधारी पक्षालाही हे नाव हवे होते, आणि तनखे देणारा व घेणारा असे दोघे एकाच व्यासपीठावर उभे राहण्यात कोणाला विसंगती वाटली नाही.

नवे सभागृह भरले आणि १५ मे १९५७ रोजी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी अंदाजपत्रक मांडले. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशींवरून त्यात दोन नवे कर आले. त्यांतील एक खर्चावर होता आणि दुसरा संपत्तीवर. संपत्तिकरात व्यक्तीला दोन लाखांपर्यंत सूट होती, त्यापुढे अर्धा टक्का, एक टक्का आणि दीड टक्का असे चढते दर होते. श्रीमंतांच्या संपत्तीचा सरकारदरबारी आकडा लागावा, म्हणजे प्राप्तिकराची चोरीही पकडता येईल, असा काल्डोर यांचा विचार होता. हा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला. त्याच्या पाचव्या कलमात सवलतींची यादी आहे. संस्थानिकाचे अधिकृत निवासस्थान म्हणून केंद्र सरकारने मान्य केलेली एक इमारत करमुक्त. संस्थानिकाकडील, वंशपरंपरेचे म्हणून सरकारने मान्य केलेले जवाहीर करमुक्त.

ज्या सभागृहाने हे कलम संमत केले, त्याच्या सत्ताधारी बाकांवर बडोद्याचे खासदार बसलेले होते. लक्ष्मीविलास राजवाडा आणि गायकवाडी जवाहीर ही या कलमाची अगदी ठळक उदाहरणे म्हणावी अशी. यात बेकायदा असे काही नव्हते. विलीनीकरणाच्या करारांत दिलेली वचने सरकार पाळत होते. मेजर चार्ल्स मँट आणि रॉबर्ट चिझम यांनी बांधलेल्या, १८९० साली पूर्ण झालेल्या त्या अवाढव्य वास्तूवर दरसाल संपत्तिकर लावला असता तर ती कोणत्याही खासगी माणसाला सांभाळणे अशक्य झाले असते, हाही युक्तिवाद पोकळ नाही. खटकते ते एवढेच की बडोद्याच्या मतदाराला या सवलतीची किंमत कधी कळली नाही. नऊ वर्षांपूर्वी धारासभेच्या ठरावाने राजवाड्याचे खातेपुस्तक उघडायला लावणारे हेच शहर, आता लोकशाही आल्यावर, आपल्याच खासदाराच्या खात्याविषयी काही विचारू शकत नव्हते.

१९५७ ते १९६२ ही पाच वर्षे फत्तेसिंहराव संरक्षण मंत्रालयाचे संसदीय सचिव होते. मंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन. गोमंतकीय वाचकाला हा योग लक्षात ठेवण्यासारखा वाटेल, कारण १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेना गोव्यात उतरली तेव्हा त्या मंत्रालयाच्या संसदीय कामात हे माजी संस्थानिक होते. घटना घडली ती सैन्यामुळे आणि नेहरूंच्या निर्णयामुळे. त्यांच्या पदाला त्यात श्रेय द्यायचे कारण नाही.

१९६२ साली ते पुन्हा निवडून आले. त्याच निवडणुकीत जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी स्वतंत्र पक्षातर्फे प्रचंड मतांनी विजयी झाल्या आणि संस्थानिक म्हणजे हमखास निवडून येणारा उमेदवार, हे समीकरण सगळ्या पक्षांनी ओळखले.

क्रिकेट हा त्यांचा खरा जिव्हाळा. १९४६ पासून बारा वर्षे ते बडोद्याकडून प्रथम दर्जाचे सामने खेळले. १९५९ साली दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे ते व्यवस्थापक होते. त्या संघाने पाचही कसोटी सामने गमावले, तरी व्यवस्थापकाच्या वागणुकीला कोणी नाव ठेवले नाही. १९६३ ते १९६६ ते क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. नंतर पाकिस्तानच्या दौऱ्यांवरही संघ घेऊन गेले आणि इंग्लंडमध्ये रेडिओवर समालोचन केले, तेथे त्यांना जॅकी बडोदा म्हणून ओळखत. १९६९ साली जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सुरतजवळच्या उधना येथील बडोदा रेयॉन कॉर्पोरेशनचेही ते अध्यक्ष होते. तनख्यावर बसून खाणारा संस्थानिक, असे त्यांचे चित्र काढता येत नाही ते यामुळे.

१९६७ ची निवडणूक आली तेव्हा ते लोकसभेऐवजी गुजरात विधानसभेत गेले आणि राज्यात मंत्री झाले. बडोद्याची लोकसभेची जागा स्वतंत्र पक्षाच्या पाशाभाई पटेल या उद्योजकाकडे गेली. त्याच वर्षी जूनमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने दिल्लीत ठराव केला की संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार रद्द व्हावेत. फत्तेसिंहराव या वेळी काँग्रेसच्याच मंत्रिमंडळात होते. आपल्याच पक्षाने आपल्या मिळकतीवर बोट ठेवावे आणि आपण त्या पक्षाच्या सरकारात मंत्री असावे, अशा पेचात त्यांनी राजीनामा दिला नाही.

योगायोगाचा भाग असा की त्याच १९६७ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक आणि मोटार उद्योगातून आलेले गव्हर्नर जॉर्ज रॉमनी यांनी आपली बारा वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे लोकांसमोर ठेवली. एक वर्षाचे पत्र चांगले दाखवता येते, बारा वर्षांची पत्रे माणूस दाखवतात, असा त्यांचा विचार होता. तेथे कायद्याची सक्ती नव्हती, आजही नाही. श्रीमंत उमेदवाराने स्वतः होऊन असे काही करावे, ही कल्पनाच त्या काळच्या भारतीय राजकारणात नव्हती आणि फत्तेसिंहरावांनीही ती केली नाही. त्यांनी केली असती तर तनख्यांच्या वादाला वेगळे वळण लागले असते. त्या वादात संस्थानिकांच्या विरोधकांचा मुख्य आधार आकड्यांचा नव्हता, प्रतिमेचा होता. पावणेतीनशेच्या वर संस्थानिकांना मिळून सरकार वर्षाला पावणेपाच कोटींच्या आसपास देत होते. त्यांतल्या कित्येकांचा तनखा एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगाराहून कमी होता. लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र हिरे, हत्ती आणि मोत्यांचे गालिचे होते, आणि ते चित्र उभे करण्यात बडोद्याचा वाटा लहान नव्हता.

१९६९ साली काँग्रेस फुटली. जुलैत बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात पणजोबांनी स्थापन केलेली बँक ऑफ बडोदाही होती. हितेंद्र देसाईंचे गुजरात सरकार संघटना काँग्रेसबरोबर राहिले आणि फत्तेसिंहरावही तेथेच राहिले. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत दोनतृतीयांशाला एका मताहूनही कमी अंतराने पडले. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. माधवराव शिंदे आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर रोजी तो आदेश रद्द ठरला. इंदिरा गांधींनी लोकसभा बरखास्त करून निवडणूक पुकारली.

या निवडणुकीत तनखा हा प्रचाराचा मुद्दा होता आणि फत्तेसिंहराव पुन्हा उमेदवार होते, इंदिरा गांधींच्या पक्षाविरुद्ध. गरिबी हटवण्याच्या घोषणेने देश भारावला होता. बडोद्याने मात्र आपल्या महाराजांना निवडून दिले. याचा अर्थ मतदारांना तनखे हवे होते, असा लावता येत नाही. माणूस आणि प्रश्न वेगळे ठेवण्याचे कसब मतदारात असते, आणि सयाजीरावांच्या नावाची वहिवाटही जुनी होती.

१९७१ च्या डिसेंबरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीवर लोकसभेत चर्चा झाली तेव्हा ते संस्थानिकांच्या बाजूने बोलले. बावीस वर्षांपूर्वी याच सभागृहात ज्यांना स्वातंत्र्याचे सहशिल्पकार म्हटले गेले, त्यांनाच आज समतेच्या वाटेतील धोंडा म्हटले जाते, अशी त्यांची खंत होती. भाषणात कडवटपणा कमी आणि वचनभंगाचे दुःख जास्त होते. खंत खोटी नव्हती, पण अपुरी होती. वचन दिले होते हे खरे, आणि त्या वचनाने एका नागरिकाचे सरकारी उत्पन्न करमुक्त व दुसऱ्याचा पगार करपात्र ठरत होता, हेही खरे. सुमारे दोन दशके मते मागणाऱ्या संस्थानिकांनी या दुसऱ्या बाजूला कधी उत्तर दिले नाही. दुरुस्ती मोठ्या बहुमताने संमत झाली आणि २८ डिसेंबर १९७१ रोजी अमलात आली. बडोद्याचे महाराज त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने इतरांसारखे नागरिक झाले.

संपूर्णपणे इतरांसारखे मात्र नाही. राजवाड्याची संपत्तिकरातील सूट पूर्वीच्या संस्थानिकांना पुढेही चालू ठेवण्यात आली. वंशपरंपरेच्या जवाहिरावरील सूटही टिकली, पण आता तिला अटी जोडल्या गेल्या. जवाहीर भारतातच ठेवायचे, त्याचे मूळ रूप बदलायचे नाही आणि अधिकाऱ्याने पाहायला मागितले तर दाखवायचे. शेवटची अट वाचताना १९४८ चे बडोदे आठवल्याशिवाय राहत नाही. धारासभेने जे मागितले होते ते आता देशाच्या कायद्यात आले होते. फरक एवढाच की पाहण्याचा हक्क प्राप्तिकर खात्याचा होता, मतदाराचा नव्हता.

करांचे दर त्या वर्षांत फार चढले होते. १९७३-७४ साली सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता, शिवाय संपत्तिकर वेगळा. अनेक राजघराण्यांनी वाडे हॉटेलांना दिले, जमिनी विकल्या. करतपासणी हे हत्यारही होऊ शकते, याचा अनुभव याच काळात आला. १९७५ च्या फेब्रुवारीत जयपूरच्या राजघराण्यावर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले आणि आणीबाणीत गायत्रीदेवींना तिहारमध्ये ठेवण्यात आले. त्या संसदेत सरकारच्या विरोधात बसत, हे लोकांच्या नजरेतून सुटले नाही. ज्याचे हिशेब सर्वांना खुले असतात त्याच्यावर असा छापा टाकणे सरकारला जड जाते. ज्याचे हिशेब फक्त सरकारला ठाऊक असतात, तो सरकारच्या मर्जीवर राहतो.

फत्तेसिंहरावांवर तशी पाळी आली नाही. १९७७ साली त्यांनी चौथी आणि शेवटची लोकसभा निवडणूक लढवली, ती पुन्हा काँग्रेसतर्फे, ज्या पक्षाच्या नेत्यांनी त्यांचा तनखा बंद केला त्यांच्याच बाजूने. देशात जनता पक्षाची लाट होती आणि बडोद्याने पुन्हा लाटेविरुद्ध त्यांना निवडले. १९७१ मध्ये इंदिरा गांधींविरुद्ध, १९७७ मध्ये त्यांच्या बाजूने, आणि दोन्ही वेळा देशात हरलेल्या पक्षाकडून विजयी होणे हे फारच थोड्या खासदारांच्या नशिबी आले असेल. पक्षबदलाचा जाब मतदारांनी त्यांना विचारला नाही. १९८० साली ते बाजूला झाले आणि धाकटे बंधू रणजितसिंहराव, जे चित्रकारही होते, बडोद्याचे खासदार झाले.

उरलेली वर्षे विद्यापीठ, वन्यजीव आणि लेखन यांत गेली. भारतातील राजवाड्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. पणजोबांचे चरित्र लिहायला घेतले आणि ते इंग्रजी चरित्र १९८९ साली छापून आले, तेव्हा लेखक हयात नव्हता. १ सप्टेंबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. मूलबाळ नव्हते.

त्यांच्या मागे घराण्यात मिळकतीवरून दावा उभा राहिला आणि तो दोन दशकांहून अधिक काळ न्यायालयांत चालला. चार निवडणुकांत ज्या संपत्तीविषयी मतदारांना एक ओळ वाचायला मिळाली नव्हती, तिच्यातील राजवाडे, जमिनी, जवाहीर आणि कंपन्यांतील हिस्से यांची चर्चा आता वर्तमानपत्रांत होऊ लागली. २०१३ साली घरात तडजोड झाली, तेव्हा एकूण मिळकत वीस हजार कोटींच्या वर असल्याचे अंदाज छापून आले.

पुढच्याच वर्षी, २०१४ च्या एप्रिलमध्ये, बडोद्यातून लोकसभेसाठी नरेंद्र मोदींनी अर्ज भरला. त्यासोबत मालमत्तेचे शपथपत्र होते आणि ते त्याच दिवशी देशभर वाचले गेले. अर्जाच्या सूचकांत शहरातील एक चहाविक्रेता होता आणि गायकवाड घराण्याच्या राजमाता होत्या.